फाटकांच्या ओट्यावरचं दूध

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक, दोन्ही हात जोडून आणि पूर्ण शुद्धीत असताना कळवण्यात येते की — आमच्या घरात दूध उतू जात नाही.

हसलात ना? हसा, हसा. तुमच्या जागी मीही हसलेच असते. या सदरातले अनुभव मी कित्येक वर्षं चहाबरोबर वाचत आले आहे. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतले पैंजण, पाठमोरा उभा असलेला कुणीतरी... वाचायचं, अंगावर मस्त काटा आणून घ्यायचा आणि कप विसळून कामाला लागायचं. विश्वास? अजिबात नाही. मी ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. दूध उतू का जातं, हे तर दर वर्षी नव्या बॅचला मी साभिनय समजावते. वर सायीचा पडदा धरतो, खाली वाफ कोंडते, वाफ पडद्याला उचलते, उचलते, आणि मग... असं म्हणून मी दोन्ही हात वर फेकते. पहिल्या बाकावरची मुलं दचकतात. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या तोंडून यावं, याचं मलाच जास्त नवल वाटतं.

तर, घर.

खडकी स्टेशनवर उतरून औंध रोडच्या बाजूला चालू लागलात, की दोन उंच इमारतींच्या मधे एक बैठं घर दिसतं. दगडी जोतं, मंगलोरी कौलं, कमानीचा पोर्च, सागवानी खिडक्यांना लाकडी झडपा. आत लाल कोबा, आणि स्वयंपाकघरात काळ्याभोर कडाप्प्याचा ओटा. स्वातंत्र्याच्या आगेमागे बांधलेलं. मी फाटकातूनच प्रेमात पडले. माझा नवरा संजय कौलांकडे बघून "पावसाळ्यात गळत असणार" असं म्हणाला, म्हणजे तोही पडला होता. त्याची कंपनी चिंचवडला, माझं कॉलेज शिवाजीनगरला. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये राहून आम्हा दोघांचं निम्मं आयुष्य सिग्नलला उभं राहण्यात चाललं होतं. इथून त्यानं लोकलनं इकडे जावं, मी तिकडे. असं घर पुन्हा मिळणार नव्हतं.

घराचे मालक फाटककाका. वय ऐंशीच्या पुढे, कणा ताठ, जीभ त्याहून ताठ. काकू काही वर्षांपूर्वी गेलेल्या, मुलगी बाणेरला. आता तिच्याकडे राहायला जायचं म्हणून घर विकायला काढलेलं. पण येणाऱ्या प्रत्येकाला ते म्हणे एकच प्रश्न विचारायचे आणि वाटेला लावायचे. एजंटनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. एका बिल्डरला त्यांनी विचारलं, "घरात रोज दूध किती घेता?" तो म्हणाला, "काका, मी घर पाडणार आहे." काका म्हणाले, "मग तुम्हाला इथे पाणीसुद्धा मिळणार नाही."

नंतर एक तरुण जोडपं आलं. ते म्हणालं, आम्ही साधं दूध घेत नाही, ओट्सचं घेतो. काकांनी शांतपणे विचारलं, "पिळतं कोण? तुम्ही की या?"

आमची पाळी आली तेव्हा संजय गडबडला. मी मात्र छाती पुढे काढून सांगितलं, "म्हशीचं, दीड लिटर. साय वेगळी, विरजण घरचं, लोणी आठवड्याला, तूप सासूबाईंच्या हातचं."

काका माझ्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग दारातून बाजूला झाले. "आत या. चपला बाहेर."

करारनाम्याचा कच्चा मसुदा त्यांच्या हातात दिला, तेव्हा एक बारीकशी गोष्ट घडली. त्यांनी खिसे चाचपले आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं हाक दिली, "अगं, माझा चष्..." आणि तिथेच थांबले. स्वयंपाकघर अर्थातच रिकामं होतं. चष्मा शर्टाच्याच खिशात निघाला. "सवय," असं एकच म्हणून त्यांनी वाचायला सुरुवात केली. मी त्या वेळी नुसतं खिडकीबाहेर बघितलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

यथावकाश रजिस्ट्रेशन झालं. कोथरूडचा फ्लॅट विकला गेला, महिनाअखेरीला रिकामा करायचा ठरला. आता राहिला गृहप्रवेश.

आणि इथे माझ्या सासूबाईंची ओळख करून द्यायला हवी. आई म्हणजे पंच्याहत्तरीची, नऊवारीतून गाऊनमध्ये आलेली, शब्दकोडं पेनानं सोडवणारी बाई. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही दोघी रोज भांडतो. घरात भांडायला कुणीतरी तोडीस तोड लागतं, आणि मला ते मिळालं आहे. पण एका बाबतीत आई थट्टा चालवून घेत नाहीत. कोथरूडला राहायला गेलो तेव्हा घाईगडबडीत दूध उतू घालायचं राहून गेलं होतं, आणि वर्षाच्या आत माझे सासरे गेले. त्याचा आणि दुधाचा काही संबंध नाही, हे मी सांगू शकते. आईंनाही कळतं. पण कळणं वेगळं.

म्हणून या वेळी सगळं यथासांग. गुरुजी आले, पूजा झाली, नव्या पातेल्याला हळदीकुंकू लागलं. पूर्वेकडे तोंड करून दूध ठेवलं. आपल्याकडे नव्या घरात दूध उतू जाऊ द्यायचं म्हणजे त्या घरात सगळं भरभरून राहतं, हे तुम्हाला सांगायला नको. आम्ही ओट्याभोवती कोंडाळं करून उभे. संजय मोबाईल धरून व्हिडिओ काढतोय. दूध चढू लागलं... काठाशी आलं... गुरुजींनी आवाज वाढवला...

आणि गॅस बारीक झाला.

दूध गुपचूप खाली बसलं. गुरुजींचा मंत्र अर्ध्यावर राहिला.

"अहो, तुम्ही बारीक केलात?" मी संजयला विचारलं. (एरवी मी त्याला 'अरे' म्हणते. आई समोर असल्या की 'अहो'.)

"माझ्या हातात मोबाईल आहे!"

मी गॅस मोठा केला. दूध पुन्हा वर आलं. आणि यावेळी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत शेगडीचं बटण, कुणीतरी चिमटीत धरून फिरवावं तसं, हळूच फिरलं आणि बारीकवर जाऊन थांबलं.

तिसऱ्या वेळेलाही तेच. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं, "मुहूर्त टळला तरी भाव महत्त्वाचा," असं म्हणाले आणि जेवायलासुद्धा थांबले नाहीत. पुरणपोळी होती हो!

आई सरळ पोर्चमध्ये जाऊन बसल्या. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "शुभदा, घराला आपण नको आहोत. तुम्ही दोघं राहा हवं तर. मी शैलाकडे जाते."

शैला म्हणजे माझी नणंद, नाशिकला.

"आई, असं काय करता? बटण सैल असेल."

"सैल बटण वेळ बघून फिरतं होय?"

या प्रश्नाला केमिस्ट्रीत उत्तर नाही.

दुसऱ्याच दिवशी मी गॅसवाल्या मेकॅनिकला बोलावलं. त्यानं शेगडी उलटीसुलटी केली, नळी बघितली, बटणं काढून घातली. पाणी उकळून दाखवलं, फसाफसा सगळीकडे सांडलं. "एकदम ओके आहे, मॅडम." मी म्हटलं, आता दूध ठेवते, बघाच. त्यानं बघितलं. मग पिशवी उचलली, "गॅसमध्ये काही नाही," असं म्हणाला — 'गॅसमध्ये' या शब्दावर जरा जास्तच जोर देऊन — आणि गेला. चहा नको म्हणाला. चहातही दूधच होतं ना.

आता माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. मी इंडक्शन आणलं. दूध काठाला आलं, टुंग् आवाज करून ते बंद पडलं. मग कॉलेजच्या लॅबमधून हॉट प्लेट आणली. तिला बटणच नाही, बोला! तर भिंतीवरचा स्विच खटकन वर गेला. शेवटी मी हट्टालाच पेटले. गॅसवर दूध ठेवलं आणि बटण माझ्या मुठीत घट्ट धरून ठेवलं. म्हटलं, आता फिरव.

दूध चढलं. काठाला आलं. काठाच्या वर फुगलं... मी जिंकले, असं म्हणणार तेवढ्यात फेसात डावीकडे एक खळगा पडला. अलगद, गोल. आपण फुंकर घालतो ना, अगदी तस्सा. खळगा पसरत गेला आणि दूध खाली बसलं. माझ्या मुठीतलं बटण मोठ्यावर तसंच.

आता इथे मी किंचाळले, बेशुद्ध पडले, असं लिहायला हवं. पण खरं सांगू? मी टाळ्या वाजवल्या. एकटीच, त्या रिकाम्या स्वयंपाकघरात. इतकी सफाईदार फुंकर मी जन्मात बघितली नव्हती! भीतीचा मागमूस नाही. उलट असं वाटलं, की आपण काहीतरी निष्काळजीपणा केला आणि एका हुशार बाईनं तो न बोलता निस्तरला.

लगोलग मी आणखी एक गोष्ट करून बघितली, तीही सांगते. दूध गॅसवर ठेवलं आणि मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन मैत्रिणीशी फोनवर मनसोक्त गप्पा मारल्या. परत आले तर गॅस बंद, दूध तापलेलं, वर जाड साय. जन्मभर दूध जाळलेल्या बाईला आणखी काय हवं?

पण इकडे कोथरूडला आईंची बॅग भरून तयार. महिनाअखेर तोंडावर. संजय रोज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसायचा आणि विषय काढायचा धीर न होऊन क्रिकेटवर बोलायचा. मला तर त्या नाशिकला गेल्यावरचं घर डोळ्यांपुढे येईना. सकाळी उठून मी 'मीठ जास्त झालंय' हे कुणाकडून ऐकायचं?

शेवटी मी फाटककाकांना फोन लावला.

"काका, एक विचारू? तुमच्याकडे कधी दूध उतू जायचं का?"

"माझ्या बायकोच्या राज्यात? हॅ! पाहुण्यांशी बोलता बोलता मध्येच उठायची. विचारलं तर म्हणायची, दुधानं बोलावलं. का हो? घर घेऊन झाल्यावर दुधाची चौकशी?"

मी सगळं सांगितलं. बटण, स्विच, गुरुजी, आई. काका मधेमधे "हं, हं" करत होते, चेष्टा ऐकल्यासारखे. "बाई, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे," असंही म्हणाले. मग मी फुंकरीचं सांगितलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"खळगा मधोमध पडला," काका हळूच म्हणाले, "का डाव्या बाजूला?"

"डाव्या."

"ती डावीकडूनच फुंकायची. उजव्या हातात सांडशी असायची ना." मग आवाज चढला. "विकलेल्या घरात माणसानं परत पाऊल टाकू नये, असं माझं मत आहे." आणि त्याच दमात, "रविवारी सकाळी येतो."

रविवारी काका आले ते इस्त्रीच्या शर्टात, गजऱ्याची पुडी घेऊन. पुडी माझ्या हातात दिली नाही. ओट्याच्या कोपऱ्यात ठेवली आणि लगेच बाहेर जाऊन हॉलमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. ती खुर्ची त्यांनीच घराबरोबर ठेवून दिली होती. आईंना मी "शेवटचं एकदा, मग मी स्वतः तुम्हाला गाडीत बसवून देते" या बोलीवर आणलं होतं. त्या काकांच्या समोर बसल्या. दोघांचं काय जमलं म्हणता!

"तुम्ही नाशिकला चाललात म्हणे," काका म्हणाले.

"तुम्ही बाणेरला गेलातच की."

"मला पोरीनं नेलं. तुम्हाला कोण हाकलतंय?"

"तुमचं घर."

"माझं घर कुणाला हाकलत नाही. फार तर बोलतं."

आत मी दूध ठेवलं. माझ्या शेजारी संजय, या वेळी मोबाईलशिवाय. दूध चढलं, काठाला आलं, खळगा पडला, खाली बसलं. पुन्हा. पुन्हा तेच. मग मी सरळ हात जोडले आणि रिकाम्या ओट्यासमोर उभी राहून म्हणाले, "काकू, तुमचं बरोबर आहे. पण आज एकदाच जाऊ द्या. त्यात आमच्या आई अडकल्यात."

संजयनं माझ्याकडे असं बघितलं, की डॉक्टरला आत्ता फोन करावा की जेवण झाल्यावर. आणि काकूंनी? नाही ऐकलं! इतक्या वर्षांची शिस्त आहे; परक्या बाईच्या गोड बोलण्यानं मोडते थोडीच. पुन्हा खळगा, पुन्हा दूध खाली. मी गॅस मोठाच ठेवला, पण माझा धीर सुटत चालला होता. बाहेर पोर्चमध्ये आईंची बॅग उभी होती.

तेवढ्यात हॉलमध्ये आईंनी काकांपुढे मोबाईल धरला. "हे बघा, आमच्या 'ह्यां'चा फोटो. तेही असेच खिडकीत बसायचे."

काकांनी म्हणे फोटो जवळ नेला, लांब नेला. खिसा चाचपला. दुसरा खिसा चाचपला. आणि कसलाही विचार न करता, खुर्चीतूनच, खड्या आवाजात त्यांची ती हाक आली.

"अगं ए, माझा चष्मा कुठे ठेवलास?"

या खेपेला ते मध्ये थांबले नाहीत. हाक पूर्ण झाली.

पुढचं मी आणि संजय दोघांनीही पाहिलं. स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा बाहेरच्या बाजूला हलला. कुणी लगबगीनं पदर खोचत बाहेर पडावं, तसा. वाऱ्याची झुळूक नव्हती. माझ्या दंडाला मात्र काहीतरी चाटून गेल्यासारखं झालं, थंड नाही, गरम नाही, मोगऱ्याच्या वासाचं.

आणि माझ्यामागे फस्सकन आवाज झाला.

उतू गेलं! कसं उतू गेलं म्हणून सांगू! पातेल्यातून शेगडीवर, शेगडीवरून कडाप्प्यावर, ओट्यावरून धारेनं लाल कोब्यावर. इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम. संजय "अगं गॅस, गॅस!" म्हणत होता आणि मी त्याचा हात धरून ठेवला होता. जळक्या दुधाचा तो वास — ज्या वासासाठी मी आयुष्यभर बोलणी खाल्ली — त्या क्षणी अत्तरासारखा वाटला. आई दारात आल्या, बघितलं, त्यांनी हात जोडले आणि भिंतीला टेकून लहान मुलीसारख्या हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसले. "भरपूर गेलं गं," एवढंच म्हणाल्या. मग संजयला म्हणाल्या, "माझी बॅग आत आण."

मंडळी, आई इथेच आहेत. हे लिहिताना मागे उभ्या राहून माझं शुद्धलेखन तपासताहेत. त्या दिवसानंतर दूध पुन्हा कधी उतू गेलेलं नाही. आईसुद्धा आता दूध ठेवून बिनधास्त पोर्चमध्ये शब्दकोडं सोडवतात. काका दर रविवारी येतात, आणि ते आले की आई आधी त्यांना बजावतात, "चष्मा सांभाळा, दूध ठेवलंय." मी पडद्यावर पंखा लावून बघितला, बटणाची स्प्रिंग बदलून बघितली, दुधात थर्मामीटर बुडवून बसले. काहीही हाती लागलं नाही. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगायचं तर मी आता शोधतही नाही.

काकांच्या चष्म्याचंही तसंच. त्या गोंधळात तो खिडकीच्या कट्ट्यावर, नीट घडी घालून ठेवलेला सापडला. आई शपथेवर सांगतात, की त्या कट्ट्यावर त्या स्वतः हात टेकून बसल्या होत्या आणि तिथे काही नव्हतं.

पण मी सांगायची खरी गोष्ट राहिलीच. दूध गेलं, आई हसत होत्या, आणि मागून काका आले. चष्मा डोळ्यांवर चढवत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. ओट्यावरून ठिबकणारं दूध त्यांनी बघितलं, खाली पसरलेलं बघितलं, कोपऱ्यातली गजऱ्याची पुडी बघितली. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला. मला वाटलं, आता म्हाताऱ्याला रडू फुटणार. मी पुढे झाले. तर काकांनी झटकन एक पाऊल मागे घेतलं, माझ्याकडे बोट दाखवलं आणि माझ्या डाव्या खांद्याच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघून घाईघाईनं म्हणाले,

"अगं, मी नाही हं! दूध या बाईंनी ठेवलं होतं!"